डावीकडे अजून थोडं

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जमीन मोजायच्या कचेरीत नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात फोटो काढतात. उरलेला वेळ म्हणजे जेवण, झोप आणि ताईची बोलणी खाणं सोडून बाकीचा सगळा. आमच्या इमारतीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. जिन्यात, गच्चीवर, फाटकाशी कुणीही दिसलं की ते हात वर करतात आणि म्हणतात, थांबा, थांबा. माणूस बिचारा थांबतो. मग भाऊजी पिशवी उघडतात, कॅमेऱ्याची लेन्स काढतात, दुसरी लावतात, ती नको म्हणून पुन्हा पहिली लावतात. तोवर ऊन सरकलेलं असतं आणि थांबलेल्या माणसाचं दूध घरी उतू गेलेलं असतं. म्हणून त्यांचं नावच पडलं 'थांबा'. पार्सलवालासुद्धा थांबांचं घर कुठलं म्हणून विचारतो, आणि पार्सल तर तिथं सारखंच येतं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. लोकांना मोटार चालवायला शिकवते. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायापाशीही एक ब्रेक असतो. तसा एक जिभेलाही बसवून घे, असं ताई म्हणते. पण मेहुणीनं भाऊजींना टोमणे मारायचे नाहीत तर कुणी मारायचे? आणि हे भाऊजी म्हणजे तर आयतं घबाड.

त्यांच्या घरातली एक खोली फोटोग्राफीला आंदण दिलेली आहे. तिथं काचेच्या कपाटात लेन्स ओळीनं बसलेल्या असतात, शेजारी ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. घरातल्या धान्याला कीड लागली तर भाऊजींना पत्ता नसतो, पण लेन्सला बुरशी लागेल या भीतीनं ते पावसाळाभर अर्धवट झोपतात. कॅमेरे दोन. नवा रोजचा, जुना फक्त ढगांसाठी, कारण म्हणे त्यात निळा रंग चांगला येतो. कॅमेरा उभा करायच्या तिकाट्या तीन आहेत. एक इतकी जड की घराबाहेर नेता येत नाही, दुसरी इतकी हलकी की वाऱ्यानं पडते, आणि तिसरी या दोघींच्या अनुभवातून शहाणं होऊन घेतलेली. तीही दाराआड उभी असते, तिच्यावर छत्र्या वाळतात. याखेरीज पट्टे, पिशव्या, पिशव्यांच्या पिशव्या. सगळं अंगावर चढवून निघाले की नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते समजतं.

आणि पाणसळ. ती छोटी काचेची नळी, जिच्यात हिरवं पाणी आणि एक बुडबुडा असतो. जमीन मोजणाऱ्या माणसाला वाकडं सहन होत नाही. कॅमेऱ्यावर एक पाणसळ, प्रत्येक तिकाटीवर एक, खिडकीच्या चौकटीवर एक. क्षितिज जरा कललेलं असलं की ते सरळ करतात, विजेचा खांब कललेला असला तर तोही. एकदा त्यांनी डोंगराचा उतार सरळ करून ठेवला होता. ते पठार छान आलंय, असं मी म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत.

कॉम्प्युटरही तीन. नवा अतिशय वेगवान आहे, त्यावर ते त्याच्यापेक्षा वेगवान कॉम्प्युटरांची माहिती वाचतात. लॅपटॉप प्रवासासाठी घेतला, पण प्रवासाला गेलं की तिकाटी मावत नाही, म्हणून प्रवासच होत नाही. आणि तिसरा तो जुना पेटारा. सुरू केला की पिठाची गिरणी लागल्याचा आवाज येतो. खरं काम सगळं त्याच्यावरच. कारण भाऊजींचं लाडकं सॉफ्टवेअर फक्त त्यावर चालतं. ते बनवणाऱ्यांनी ते विकायचं कधीच बंद केलं, आता नवं घ्यायचं तर महिन्याच्या महिन्याला भाडं भरा म्हणतात. भाऊजी म्हणतात, भाड्याच्या घरात राहीन, पण भाड्याच्या सॉफ्टवेअरवर नाही.

त्या सॉफ्टवेअरचं कौतुक येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकावं लागतं. मुख्य म्हणजे ते मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही उजेड वाढवा, रंग बदला, काय वाटेल ते करा, ते सगळं शेजारी टिपून ठेवतं, मूळ तसंच्या तसं राहतं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की गाडी शिकायला येणाऱ्यांना क्लच समजावताना एकदा माझ्याच तोंडून निघाली होती.

एवढा सगळा सरंजाम, आणि घरात ताईचा हसरा फोटो एकच. दिव्याखाली अंधार तो हाच. अर्थात त्यात दोष तिचाही. फोटोत आपलं तोंड वाकडं येतं, असं तिच्या मनानं शाळेतच घेतलं होतं. त्यामुळे कॅमेरा दिसला की ती तोंडावर हात धरायची, नाहीतर ओठ आवळून पासपोर्टसारखी उभी राहायची. लग्नाच्या फोटोंत ती कुणावर तरी रागावल्यासारखी बसलीय. आमच्या लहानपणीच्या फोटोंत आम्ही दोघी उन्हाकडे बघून डोळे बारीक करतोय, तिथं माझंही तोंड वाकडंच आहे.

तो एक फोटो निघाला तो दुकानामुळे. ताई चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते. गिऱ्हाइकासमोर वीतभर अंतरावर बसायचं, त्याच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागच्या दांड्या गरम करून वाकवायच्या, आणि तो बावरला की हसून त्याला सैल करायचं. दुकानाच्या मालकांना भिंतीवर लावायला सगळ्यांचे हसरे फोटो हवे होते. भाऊजींनी तिला खिडकीपाशी बसवलं, दोन तास थांबा-थांबा केलं, मग आठवडाभर खोलीत कोंडून घेतलं, आणि फोटो छापून आणला. ताई बघतच राहिली. फोटोत ती मोकळी हसत होती, आणि हसू कसं अगदी पाणसळ लावून घेतल्यासारखं सरळ. माझं तोंड मुळात वाकडं नव्हतंच, ती म्हणाली, आजवर फोटो काढणाऱ्यांना काढता येत नव्हतं. तिनं त्याची मोठी प्रत हॉलमध्ये टांगली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की हा आमच्या ह्यांनी काढलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाऊजींच्या फोटोला तिनं छान म्हटलं ते त्या एकदाच.

हे सगळं सांगायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. एके सकाळी ताईनं चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. डावा डोळा मिटेना, भुवई हलेना. आमची पळापळ झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मेंदूचं काही नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय, औषधानं आणि व्यायामानं बहुतेकांचं पूर्ववत होतं. आमचा जीव भांड्यात पडला. ताईचा मात्र पडेना. तिनं न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकला आणि दुकानातून रजा घेतली. जेवायलाही एकटी बसू लागली, घास गळतो म्हणून.

व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या बाई घरी यायच्या. तरुण, हसऱ्या आणि कामाला चोख. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, की मूळचं हसू कसं होतं ते कळायला आधीचा एखादा हसरा फोटो आहे का. मी तत्परतेनं हॉलमधली फ्रेम काढून आणली. भाऊजी तेव्हा दारात उभे होते. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता लेन्सचा नंबर सांगणार, म्हणून मीच त्यांना बाहेर काढलं.

मग सुरू झालं गाल फुगवणं, भुवया उचलणं, शिट्टी मारणं आणि हसणं. फ्रेम समोर टेबलावर उभी करायची आणि ताईनं त्या फोटोसारखं हसायचं. डोळा मिटायला लागला, भुवई वर जायला लागली. पाणी गळायचंही थांबलं. शिट्टी तर पूर्वी येत नव्हती तीही यायला लागली. फक्त हसू काही जागेवर येईना. मी रोज संध्याकाळी खाली जायची आणि शिकाऊ ड्रायव्हरला सांगावं तसं सांगायची, डावीकडे अजून थोडं. शेजारच्या काकू डोकावून म्हणायच्या, बरंच आलंय, डावीकडे अजून थोडं. लांब नोकरीला असलेली माझी भाची, ताईची मुलगी, फोनवर बघून तेच म्हणायची. ताई गाल दुखेपर्यंत डावीकडे अजून थोडं करायची आणि मग उठून आत जायची.

भाऊजींचं एकच पालुपद होतं, मला तर बरोबर दिसतंय. हे ऐकलं की आम्ही सगळ्या बायका त्यांच्यावर तुटून पडायचो. मी तर म्हणाले, तुम्हाला काय दिसणार, तुम्हाला कॅमेऱ्याला डोळा लावल्याशिवाय समोरची भिंत दिसत नाही. ते गप्प बसायचे. त्यांना टोमणा मारला की ते नेहमी उलटून काहीतरी बोलतात, तेवढंच माझ्या मारण्याचं सार्थक. पण या महिन्यात त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही, आणि खरं सांगते, मला चुकल्यासारखं व्हायला लागलं होतं.

परवाच्या शनिवारी फिजिओच्या बाई कोड्यात पडल्या. स्नायूंत आता काही उणं नाही, त्या म्हणाल्या, ताकद दोन्ही बाजूंना सारखी आहे, तरी फोटोतल्यापेक्षा डावा कोपरा खालीच राहतो. त्यांना आणखी हसरे फोटो हवे होते, नाहीतर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवून नसेची विजेवर तपासणी करावी लागेल म्हणाल्या. सुया टोचून करतात ती. त्या गेल्यावर ताईनं शांतपणे सांगितलं की तपासणी नको आणि व्यायामही नको. सोमवारी ती मालकांना फोन करून मागच्या खोलीतलं काम मागणार होती. तिथं एक यंत्र काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करतं, बोलायला कुणी नसतं आणि बघायलाही नसतं.

"वीतभरावर बसलेल्या माणसाला हे तोंड कशाला दाखवू?" ती म्हणाली.

मला रडू आलं. तिला ते काम जमलं नसतं असं नाही. पण ताईला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत बसवणं म्हणजे घरातला दिवा कपाटात ठेवणं. मी तिथंच ठरवलं की रविवारी भाऊजींच्या खोलीत ठाण मांडायचं आणि ताईचे आणखी फोटो शोधून काढल्याशिवाय उठायचं नाही. इतकी वर्षं जो माणूस घरात कॅमेरा घेऊन फिरतो, त्याच्याकडे बायको हसताना चुकूनसुद्धा सापडली नसेल?

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी खोलीत गेले. भाऊजी टाळाटाळ करायला लागले. त्या वर्षीचे फोटो दुसऱ्या डिस्कवर आहेत, ती डिस्क आवाज करते, केबल सापडत नाही. मी केबल शोधून दिली. मग म्हणाले, नवा कॉम्प्युटर जुने फोटो उघडत नाही. मग जुना लावा, मी म्हटलं. त्यांनी पेटारा सुरू केला. गिरणी घरघरली. पडद्यावर ढग, दारं, पक्ष्यांच्या पाठी, पुन्हा ढग. मी म्हटलं, भाऊजी, पक्षी तुमच्याकडे बघत का नाहीत? तर तेव्हाही गप्प. ताईचे फोटो अधूनमधून होते, पण कुठं तोंडावर हात, कुठं ओठ आवळलेले. शेवटी तोच आला, खिडकीपाशी बसलेली, हॉलमधला. भाऊजी घाईघाईनं पुढे जायला लागले. मी म्हटलं, आता मात्र थांबा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हे कुणीतरी म्हटलं असेल.

त्याच वेळचे पुढचेमागचे असतील, मी म्हणत होते, आणि कप ठेवायला जागा शोधत होते. टेबलावर लेन्सची झाकणं, ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा. कुठं जागाच नाही, म्हणून मी बशीचा काठ कीबोर्डवर टेकवला. एंटरच्या वर ते तिरकी रेघ असलेलं बटण असतं, ते दाबलं गेलं. पडद्यावर ताईच्या ओठांचा डावा कोपरा खाली घसरला.

मी बशी झटकन उचलली. इतक्या वर्षांचा तो एक फोटो आणि मी तो चहाच्या बशीनं बिघडवला.

"भाऊजी, माझ्या हातून काहीतरी बिघडलं हो."

भाऊजी पडद्याकडे बघत होते.

"बिघडलं नाही. ते मूळ आहे."

मला काही कळेना. त्यांनी हात लांब करून तेच बटण पुन्हा दाबलं. कोपरा वर गेला, हसू सरळ झालं. पुन्हा दाबलं, खाली आला. ते बटण केलेले बदल लपवतं आणि दाखवतं, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मग खुर्चीत मागे टेकले आणि सगळंच सांगितलं. फोटो काढला तेव्हा ताई अशीच हसली होती, डावीकडे कमी. छापून आणला असता तर तिनं पुन्हा म्हटलं असतं की माझं तोंड वाकडं येतं, आणि दुकानाच्या भिंतीवर लावू दिला नसता. म्हणून त्यांनी तो कोपरा केसभर वर उचलला. जसं क्षितिज उचलतात तसाच. तिला इतका आवडेल, हॉलमध्ये लागेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं. आणि एकदा लागल्यावर सांगायचं कसं?

म्हणजे आम्ही महिनाभर ताईकडून जे हसू मागत होतो ते तिचं नव्हतंच. ते या पेटाऱ्यातलं होतं. ती कधीच बरी झाली होती, आणि आम्ही रोज येऊन तिला सांगत होतो, डावीकडे अजून थोडं. यात मी सगळ्यांच्या पुढे. पाठीला पाठ लावून आलेली सख्खी बहीण मी, एका अंथरुणात झोपून वाढलेली, तिचं हसू कुठल्या बाजूला कललेलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. रोज समोर असतं ते बघतं कोण? लोकांना मी दिवसभर आरशात बघायला शिकवते, तेव्हा बोलायला मला तोंड उरलं नाही.

पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, सोमवारच्या आत हे तिला कळलं पाहिजे, तुम्ही सांगता की मी सांगू? भाऊजींनी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. मग उठले आणि पेटाऱ्याच्या मागच्या वायरी काढायला लागले. मला म्हणाले, मेहुणीबाई, पडदा तू उचल.

आम्ही ती सगळी वरात हॉलमध्ये नेली. पुढे पडदा घेऊन मी, मागे पेटारा छातीशी धरून भाऊजी, त्यांच्या मागे फरफटत वायरी, आणि त्यांत अडकून दाराआडची तिकाटी छत्र्यांसकट आडवी. ताई सोफ्यावर बसून एका जुन्या चष्म्याच्या दांड्या उगीचच सारख्या करत होती. तिनं विचारलं, घर सोडताय का? भाऊजींनी टेबलावरची फ्रेम बाजूला केली, तिथं पडदा ठेवला, प्लग लावला. गिरणी लागली. फोटो आला. ते ताईशेजारी बसले, कीबोर्ड तिच्या मांडीवर ठेवला आणि ते बटण दाबलं.

एरवी एका लेन्सवर जेवणाच्या ताटावरून उठेपर्यंत बोलणारा माणूस, पण तेव्हा एक शब्द बोलला नाही. फक्त बटण दाबत होता. सरळ, वाकडं. सरळ, वाकडं. ताईनं त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतः दाबून पाहिलं. मग पुन्हा. माझी बहीण हुशार आहे, तिला समजवावं लागलं नाही. ती उठली, न्हाणीघरात गेली. टॉवेल ओढल्याचा आवाज आला. परत आली ती तशीच गंभीर, आणि आपल्या जागी येऊन बसली.

"महिनाभर मी माकडासारखी तोंडं करतेय," ती म्हणाली, "आणि तुम्हाला हे ठाऊक होतं."

"मी म्हणत होतो ना, मला बरोबर दिसतंय."

"तसं नाही म्हणायचं. तू पहिल्यापासूनच अशी आहेस, असं म्हणायचं."

"कसं म्हणणार?" भाऊजी म्हणाले. "तोंड वाकडं झालं म्हणून जी बाई रडतेय, तिला ते आधीपासूनच होतं असं सांगायचं कसं, ते तू सांग."

मला हसू यायला लागलं होतं, पण ताईचा चेहरा पाहून मी पायाखालचा नसलेला ब्रेक दाबला. भाऊजी मान खाली घालून वायर गुंडाळत होते. मग हळूच म्हणाले, की तिला त्यांचा तेवढा एकच फोटो आवडला होता, आणि तो त्यांनी काढलेला नव्हता, केलेला होता. हे सांगायला त्यांना फार जड गेलं. ढगांचे फोटो कुणी बघत नाही याचं या माणसाला काही वाटत नसणार, असं मी धरून चालले होते. वाटत होतं.

ताईनं बटण दाबलं. वाकडा फोटो पडद्यावर ठेवला आणि कीबोर्ड मांडीवरून खाली काढून ठेवला. हा छापून आणा, ती म्हणाली, याच मापाचा, आणि त्यातलं काहीही हलवायचं नाही, उजेडसुद्धा नाही. भाऊजी म्हणाले, उजेड जरा कमी आहे त्यात. तिनं नुसतं पाहिलं, तर म्हणाले, बरं. मग मला म्हणाली, फिजिओच्या बाईंना कळव की हसायचा व्यायाम बंद, आणि येऊन चहा पिऊन जा म्हणावं. सोमवारचा फोन तिनं तिथंच करून टाकला. मालकांना सांगितलं, उद्यापासून येते. त्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, अहो काउंटरवरच, आणखी कुठं.

फोन ठेवून ती भाऊजींकडे वळली.

"लग्नाच्या आधी माहीत होतं तुम्हाला?"

"बघायला आलो तेव्हाच दिसलं होतं."

"आणि कधी बोलला नाहीत."

"बोलायचं काय त्यात?" भाऊजी वायरीकडेच बघत म्हणाले. "तुझं हसू आधी उजवीकडे येतं. डावीकडे मागाहून येतं, आलं तर. म्हणून मी उजवीकडे बसतो."

मी पाहिलं, तर ते तिच्या उजव्या हातालाच बसलेले होते. जेवायच्या टेबलाशीही तीच त्यांची खुर्ची. माझ्या गाडीत मागच्या सीटवर ताईशेजारी बसताना ते नेहमी वळसा घालून पलीकडच्या दारानं चढतात, आणि त्यावरून मी त्यांना कितीदा तरी बोललेय की इकडच्या दाराला काय काटे आहेत का.

ताई हसली. मी डावीकडे उभी होते, मला ते जरा उशिरा दिसलं.